धायरी ते लोणी, कॅनॉलच्या कडेनं

सदाशिव पेठेत डॉक्टर यज्ञेश्वर गद्रे यांचा दातांचा दवाखाना आहे. तिथं रिसेप्शनला शर्मिला पोकळे बसते. ती धायरीहून रोज स्कूटरवर यायची आणि दवाखान्यासमोर जागा नसली की शेजारच्या क्लासच्या फाटकापाशी गाडी लावायची. समोर जागा कधीच नसायची, त्यामुळे गाडी रोज फाटकापाशीच असायची. एका संध्याकाळी ती खाली उतरली तर स्कूटर गायब. त्या महिन्यात टोइंगवाल्यांनी ती आधीही उचलली होती. आता तर त्यांची इतकी ओळख झाली होती की डिकीबाहेर लटकवलेली भाजीची पिशवी त्यांनी जाताना क्लासच्या वॉचमनकडे ठेवली होती.

शर्मिला पिशवी घेऊन तशीच पुन्हा जिना चढून वर गेली.

"डॉक्टर, उद्यापासून मी सायकलनं येणार आहे."

डॉक्टर एका कवळीला पॉलिश करत होते. त्यांनी मान वर केली नाही. "या की. उचलायला हलकी पडेल."

ते असं बोलले नसते तर घरी पोचेपर्यंत शर्मिलाचा राग उतरला असता. पण गद्रे डॉक्टरांच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर तिला एक गोष्ट कळून चुकली होती. या माणसाला उलट बोलून जिंकता येत नाही. जे म्हटलं ते करून दाखवलं तर तो फार तर "हं" म्हणतो, आणि त्या "हं"साठी शर्मिला काहीही करायला तयार होती.

सायकल घरात होतीच. पोकळ्यांच्या जमिनीवर आता सात मजली इमारत उभी आहे आणि तिसरा मजला पूर्ण त्यांचा. त्या मजल्याच्या गॅलरीत, भिंतीला, मुलीची गिअरची सायकल टांगलेली होती. तेजस्विनीनं ती लॉकडाऊनमध्ये मोठ्या हौसेनं घेतली, महिनाभर फिरवली आणि नंतर नोकरीसाठी हैदराबादला गेली. तेव्हापासून शर्मिला तिच्या हँडलला लसणाच्या जुड्या अडकवत आली होती. त्या रात्री तिनं जुड्या उतरवल्या, सायकल पुसली आणि मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, नीट ऐक. डाव्या हाताचं बटण पुढच्या चाकांचं, उजव्या हाताचं मागच्यांचं."

"पुढं एकच चाक आहे."

"अगं, दातेरी चाकं. पेडलपाशी बघ. पुढचं छोटं चाक म्हणजे हलकं. मागचं छोटं म्हणजे जड."

"हे उलटं कुणी केलं?"

"आई, ते सायन्स आहे."

"दोन्हीकडं सारखं ठेवलं असतं तर सायन्सचं काय बिघडलं असतं?"

शर्मिला सायकल शिकली होती लोणी काळभोरला, माहेरी, मोठ्या भावाच्या उंच सायकलच्या दांड्याखालून पाय घालून. तिला गिअर नव्हते आणि ब्रेक असून नसल्यासारखे होते. तेव्हा मनात एकच प्रश्न असायचा, थांबायचं कसं. आता हे पुढचं-मागचं ऐकून तिनं आपल्यापुरता सोपा निष्कर्ष काढला: बटणावरचा मोठा आकडा तो भारी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचं सगळ्यात मोठं नि मागचं सगळ्यात छोटं चाक लावून, म्हणजे सायकलमध्ये असेल नसेल तेवढा जडपणा पायाखाली घेऊन, ती सिंहगड रोडला लागली.

दवाखान्यात पोचली तेव्हा तिचा चेहरा बीटासारखा झाला होता, ओढणीला चेनच्या ग्रीसचा पट्टा उमटला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे हात केला. "आधी तुम्हीच बसा. पेशंट थांबतील."

ती पुन्हा सायकलला हात लावेल असं कुणालाच वाटलं नाही. नवरा, दशरथ, तर निर्धास्तच झाला. धायरीत त्याला मान होता. सोसायटीच्या बैठकीला, कुणाच्या साखरपुड्याला तो पांढरीशुभ्र इस्त्री आणि पांढरीशुभ्र मोठी गाडी घेऊन जायचा. बायको सायकलवर दिसली म्हणजे त्याच्या दृष्टीनं जवळजवळ बातमी होती.

"घरात गाड्या उभ्या हायेत," तो म्हणाला. "लोकांना वाटंल पोकळ्यांनी जमीन फुंकून खाल्ली."

"लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. माझे गुडघे काय म्हणतात ते आधी बघते."

दशरथचे वडील गेनबा आबा कोपऱ्यात टीव्ही बघत होते. ते मान न वळवता म्हणाले, "जाऊ दे की तिला. सायकल हाय, घोडं न्हाय."

मार्ग दाखवला तो श्रद्धानं. श्रद्धा ढोके मूळची वर्ध्याची, आयटीत नोकरीला, पोकळ्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारी. तिची सायकल दिवाणखान्यात सोफ्याशेजारी उभी असे आणि सोफ्यापेक्षा तिची जास्त काळजी घेतली जाई. लिफ्टमध्ये तिला शर्मिला दिसली, गुडघा चोळताना.

"काकू, काल मी तुमच्या मागंच होती. फारच जड गिअर मारून राहिल्या होत्या तुम्ही."

"मग कुठला मारायचा?"

"पाय शिवणयंत्रासारखे फिरले पाहिजेत. जोर लागला की गिअर हलका करायचा, जोर लागेनासा झाला की जड. अन् रोडनं कायले जाता? कॅनॉलनं चला न माझ्यासोबत."

खडकवासल्याहून निघालेला कॅनॉल धायरीच्या अंगावरून शहरात जातो हे शर्मिलाला ठाऊक होतं, जसं आपल्या घरामागे गल्ली आहे हे ठाऊक असतं. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्या काठानं कधी गेली नव्हती. दुसऱ्या सकाळी ती श्रद्धाच्या मागोमाग त्या कच्च्या वाटेला लागली आणि पहिल्याच वळणावर तिला हसू फुटलं. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला सुबाभळी, त्यांच्यामागे इमारतींच्या पाठी आणि वाळत घातलेल्या गोधड्या. हॉर्न नाही, सिग्नल नाही. श्रद्धा ओरडली, "आता उजवं बटण, एकदा." शर्मिलानं दाबलं. चेन कटकन सरकली आणि पाय असे मोकळे झाले जणू कुणीतरी मागून हळूच ढकललं. तिनं पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मग विनाकारण घंटी वाजवली. बगळ्यांचा थवा उडाला, तर तिनं उडणाऱ्या बगळ्यांसाठीही एकदा वाजवली.

त्या दिवशी सुजलेला गाल धरून आलेल्या पेशंटांना रिसेप्शनवर एक बाई आपल्याशीच हसताना दिसली. दोघांनी तर ती आपल्याला हसते आहे असं समजून तक्रारही केली.

मग सामानाचा प्रश्न आला. श्रद्धाकडे सायकलसाठीच्या वस्तूंचं वेगळं कपाट होतं. पॅड लावलेल्या चड्ड्या, हातमोजे, चष्मे, घाम टिपणारे शर्ट. शर्मिलानं सगळं नीट पाहिलं आणि हेल्मेट घेतलं, दिवे घेतले, आणि बराच विचार करून पॅडची चड्डीही घेतली, सलवारीच्या आत घालायला. "बाहेरून कळत नाही ना?" तिनं चारचारदा विचारलं. सलवार चेनमध्ये जाऊ नये म्हणून मात्र तिनं स्वतःचा उपाय काढला. दवाखान्यात पेशंटच्या गळ्यात कागदी रुमाल अडकवायला दोन टोकांना चिमटे असलेली साखळी असते. ती घोट्याला गुंडाळली की दोन्ही चिमटे सलवारीला घट्ट बसायचे. आठवड्याभरात डॉक्टर म्हणाले, "आपल्याकडच्या साखळ्या कमी होतायत. पेशंट दागिना म्हणून नेतात की काय?" शर्मिलानं टेबलाखाली पाय आत ओढून घेतले.

अडलं ते कॅरिअरवर. सायकलच्या दुकानातल्या माणसानं सायकल पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"मॅडम, या सायकलला कॅरिअर लावत नाहीत."

"मग डबा डोक्यावर ठेवू का?"

"बॅग मिळते, पाठीला लावायची."

"पाठीला घाम येतो. आणि येताना भाजी?"

"या सायकलवरून भाजी आणत नाहीत, मॅडम."

शर्मिला तिथून निघाली ती सरळ धायरीतल्या साईनाथच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये. साईनाथ इमारतींची फाटकं आणि जिन्यांचे कठडे बनवायचा. त्यानं सायकल उलटी केली, माप घेतलं आणि कठड्याच्याच पाइपचं, कठड्याच्याच करड्या रंगाचं कॅरिअर बनवून, पट्ट्या नि बोल्ट लावून बसवून दिलं. "ताई, आता सिलिंडर नेला तरी हलणार नाही." श्रद्धानं ते पाहिलं तेव्हा तिच्या तोंडून कळवळून "काकू" एवढंच बाहेर पडलं. सायकल जितकी हलकी असल्याबद्दल तेजस्विनीनं जास्तीचे पैसे मोजले होते, तितकं वजन त्या कॅरिअरनं परत आणलं होतं.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि शर्मिलाला एक खूळ लागलं. जानेवारीत कॅनॉल काठोकाठ वाहत होता. ती वाटेत थांबून पाण्याकडे बघत होती, आणि एकदम तिला आठवलं की हेच पाणी पुढं लोणीला जातं. लहानपणी शेताच्या बांधावर उभं राहून "धरणाचं पाणी सुटलं" म्हणून ओरडत सुटायची ती, ते हेच. धायरीत लग्न ठरलं तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, पोरगी पाण्याच्या वरच्या अंगाला दिली. इतकी वर्षं ती माहेरी गेली ती हायवेनं, गाडीतून, दशरथच्या शेजारी बसून.

"श्रद्धा, या काठानं लोणीपर्यंत जाता येतं?"

"माहीत नाही. जाऊन पाहावं लागंल."

रविवारी सकाळी दोघी निघाल्या. गेनबा आबा काठी टेकत कॅनॉलपर्यंत आले, हातात नारळ घेऊन. त्यांनी नारळाला कुंकू लावलं आणि पाण्यात सोडला. "आता बघू, लोणीत आधी तू पोचतीस का ह्यो."

नारळ मोठ्या डौलात निघाला. दोघी त्याच्या बरोबरीनं चालल्या, आणि पहिल्याच पुलाखाली तो बाटल्या आणि निर्माल्याच्या गचपणात जाऊन अडकला.

"एक गडी बाद," श्रद्धा म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की सायकली धरून उभं राहावं लागलं.

शहर सुरू झालं तशी वाट लपंडाव खेळू लागली. कुठं भिंत, कुठं कुलूपबंद फाटक. स्वारगेटच्या अलीकडे तर कॅनॉलच हरवला. शर्मिलानं एका पानवाल्याला विचारलं, "दादा, कॅनॉल कुठं गेला?"

"सकाळी तर इथंच होता," तो म्हणाला, आणि चुना लावत राहिला. त्याच्या टपरीमागेच पाणी वाहत होतं.

मधूनमधून दशरथचे फोन येत होते. पहिल्यांदा तो म्हणाला, सहज केला. दुसऱ्यांदा म्हणाला, माझं हडपसरकडं काम निघालंय. काय काम ते कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलंही नाही. हडपसरच्या पुढं एका पुलावर तो पांढऱ्या गाडीला टेकून उभा होता. हातात इडल्यांचं पार्सल होतं.

"दमलीस का?"

"नाही."

त्याचा चेहरा जरा पडला. "बसायचं तर गाडीत बस. सायकल टाकू मागं."

"इडली छान आहे," शर्मिला म्हणाली आणि निघाली.

तिथून पुढं काठाची वाट रुंद होती आणि दशरथला वाटलं, ही गाडीलाही पुरेल. तो त्यांच्यामागून सावकाश येऊ लागला. पुढं दोन सायकली, मागं पांढरी गाडी, असं ते चाललं होतं आणि शेतातली माणसं काम थांबवून बघत होती, निवडणूक लागली की काय म्हणून. श्रद्धानं तर एका म्हाताऱ्याला हात जोडून नमस्कारही केला. त्यानंही केला.

लोणी थोडंच राहिलं असताना एके ठिकाणी कॅनॉल पाझरत होता आणि वाट चिखलानं काळी झाली होती. दोघींनी सायकली कडेच्या गवतातून ढकलत पलीकडे नेल्या. दशरथनं गाडी सरळ घातली. मधोमध चाकं जागच्या जागी फिरू लागली, चिखल उडाला, आणि गाडी आणखी खोल बसली. तो खाली उतरला तेव्हा इस्त्रीचा पांढरेपणा कॉलरपुरता शिल्लक होता.

त्यानं शर्मिलाच्या भावाला, बापूरावला, फोन केला. बापूरावचा ट्रॅक्टर ऊस भरून गेला होता, यायला वेळ होता.

"तुम्ही व्हा पुढं," दशरथ म्हणाला. "मी थांबतो."

"उन्हात कशाला थांबता? बसा."

"कशावर?"

"कॅरिअरवर."

दशरथनं श्रद्धाकडे पाहिलं. श्रद्धा म्हणाली, "माझ्या सायकलला कॅरिअर नाही," आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात त्याची खंत होती. मग दशरथनं आजूबाजूला पाहिलं. बगळ्यांशिवाय कुणी नव्हतं. तो बसला. साईनाथचं कॅरिअर हूं की चूं करत नव्हतं.

शर्मिलानं पुढचं छोटं चाक लावलं, मागचं सगळ्यात मोठं, आणि पेडलवर उभी राहिली. सायकल उजवीकडे झुकली, डावीकडे झुकली, मग निघाली. पाय शिवणयंत्रासारखे गरगर फिरत होते आणि सायकल मात्र इतकी सावकाश चालली होती की एक म्हैस बराच वेळ त्यांच्या बरोबरीनं चालली आणि मग कंटाळून पुढं निघून गेली.

"उतरू का?" दशरथनं विचारलं.

"बसा गप."

मग तिला पाठीमागून सायकल हलताना जाणवली. "अहो, हसू नका, तोल जातोय."

"मी कुठं हसतोय? सायकलच हलतीय," तो म्हणाला आणि मग त्याला आवरेना. म्हैस, चिखल, इडल्या, स्वतःचं हडपसरचं काम, कशाकशाला तो हसत होता त्याचं त्यालाच कळत नव्हतं. शर्मिलालाही त्या हसण्याची लागण झाली. तिनं दशरथला असं हसताना पाहिलं होतं ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, आणि मग पाहिलं होतं की नाही ते तिला आठवेना. मागून श्रद्धा मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढत होती आणि हसण्यानं तो सगळा हलला होता.

माहेरच्या दारात बापूराव उभा होता. बहीण सायकलवर, दाजी मागं डबलसीट, दोघांच्या डोळ्यांत पाणी. त्यानं दोघांना नीट निरखलं. "दाजी, गाडी बदलली का?"

शर्मिलाची आई बायडाबाई घाईत काठीशिवायच बाहेर आली. तिला वेगळीच शंका आली होती. "जावईबापूंचा पाय मोडलाय का?"

"नाही आई. गाडी रुतली."

"मग रडताय का?"

ते रडत नाहीत हे तिला पटवायला बराच वेळ गेला. मग बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि लोण्याचे गोळे झाले. श्रद्धानं तीन भाकरी खाल्ल्या आणि आडवी झाली. दुपारी ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली. दशरथ ती धुवायला विहिरीवर घेऊन गेला, पण तिथं जमलेल्या मुलांना तो गाडीपेक्षा गिअर कसे असतात हेच समजावून सांगत बसला, निम्मं चुकीचं.

शर्मिला त्या रात्री लोणीतच राहणार होती, सकाळी तिथूनच सायकलनं दवाखान्यात जाणार होती. उन्हं उतरल्यावर बायडाबाई सायकलपाशी येऊन उभी राहिली. कॅरिअर हातानं चाचपलं.

"कुठनं आलीस?"

"कॅनॉलच्या कडेनं. जमेल तेवढी."

बायडाबाईनं कॅनॉलकडं मान वळवली. मग म्हणाली, "पाणी सुटलं की मी जाऊन बघायची. म्हणायची, हे शर्मीच्या दारावरनं आलंय. तुझा बाप हसायचा."

शर्मिलानं सायकल स्टँडवरून काढली आणि एक पाय टेकून उभी राहिली. बायडाबाईनं पदर खोचला, एका बाजूनं कॅरिअरवर बसली आणि लेकीच्या कमरेला हात घातला. तिचं वजन जाणवतही नव्हतं. दोघी कॅनॉलच्या वाटेला लागल्या.

"जोरात घे की."

शर्मिलानं बटण दाबलं. कट्.

"हे काय वाजलं?"

"गिअर बदलला."

बायडाबाईनं क्षणभर वाऱ्याचा अंदाज घेतला. डोक्यावरचा पदर मागं उडाला होता, तो तिनं उडू दिला. वाटेतल्या बायका डोक्यावरचं गवत धरून थांबल्या आणि बघत राहिल्या. त्यांच्याकडे बायडाबाईनं पाहिलंच नाही.

"अजून एक बदल," ती म्हणाली.

कट्.

"अजून."

कट्. कट्. सुबाभळी भराभर मागं जाऊ लागल्या.

"अजून बदल."

"संपले, आई. हा शेवटचा."

"मग पाय मार," बायडाबाई म्हणाली आणि लेकीच्या कमरेची पकड घट्ट केली.